चार बोटांची फट

२ ऑक्टोबर

बाबा,

पत्र बघून हरखून जाऊ नका. मलाही लिहायची हौस आलेली नाही. चार वर्षं तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, मी तुमच्याशी बोलले नाही, दोघांचं बरं चाललं होतं. पण एक गोष्ट विचारायची आहे. इथे ज्याला ज्याला विचारली तो एकापेक्षा एक दगड निघाला, म्हणून नाइलाजाने तुमच्यापर्यंत आले.

शिंपीणकाकू, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवत असणार. बाबांना अक्षर येत नाही, आणि दुसऱ्याची पत्रं वाचायची हौस त्या गल्लीत तुमच्याइतकी कोणालाच नाही. तर आधी मशीन बंद करा, खिडकी लावा आणि हळू वाचा. मी चारच यत्ता शिकले, चुका दिसतील, त्या मोठ्याने वाचून दाखवायची गरज नाही.

बाबा, मी अजून त्याच कॅम्पवर आहे, घळीतल्या. तुम्ही झाडांवर बांधलेल्या आठ घरांच्या चादरी बदलते, जिने झाडते, संडास घासते. पाहुणे त्यांना ट्री हाउस म्हणतात. तुम्ही खोकी म्हणायचात. मीही खोकीच म्हणते, फक्त मॅनेजरसमोर नाही.

विचारायचंय ते चार नंबरच्या खोक्याबद्दल. नदीवर झुकलेल्या झाडातलं, ज्याच्या खाली जमीन नाहीच, एकदम पाण्यातले दगड. ते बांधताना मी पंधरा वर्षांची होते आणि पाणसळ धरून उभी होते. बुडबुडा मधोमध आला की ओरडायचं एवढंच माझं काम. तेव्हा तुम्ही सांगितलं होतं की झाड म्हणजे खांब नाही, ते वाढतं पण आणि डुलतं पण, म्हणून फळ्या आणि खोड यांच्यात चारी बाजूंनी चार बोटांची फट सोडायची. आणि खालच्या तिरक्या टेकूंचे मोठे बोल्ट दर दोन वर्षांनी ढिले करायचे. एवढं पक्कं आठवतं. किती आटे ढिले करायचे ते आठवत नाही. तेवढं सांगा.

तुम्ही काम संपवून गेल्यापासून सात वर्षांत त्या बोल्टांना कोणी हात लावलेला नाही.

उन्हाळ्यापासून चार नंबरचं दार लागत नाही. आधी कडी बसेना, मग दार चौकटीला घासायला लागलं, आता दोन्ही हातांनी उचलून लोटावं लागतं. बाटली आडवी ठेवली की नदीच्या बाजूला घरंगळते. आणि दुपारी घळीतून वर वारा चढतो ना, तेव्हा खोकं आवाज करतं. कुरकुर सगळीच करतात, ती नव्हे. खालून कोणी घण मारावा तसा एकच ठोका. मग बराच वेळ काही नाही. मग परत.

मॅनेजरला सांगितलं तर म्हणतो, "अगं, लाकूड आहे, बोलणारच. पाहुण्यांना तेच तर आवडतं." त्याच्याकडे तपासणीची वही आहे. दर सोमवारी खुर्चीवरून न उठता आठ खोक्यांपुढे आठ बरोबरच्या खुणा करतो. त्या पानावर खरं असं काही असेल तर त्याच्या चहाचा डाग.

फोन करत नाही कारण घळीत रेंज नाही. लोक त्यासाठीच एवढ्या लांब येतात, आणि आल्यावर पहिल्या तासात मला विचारतात, रेंज कुठे मिळेल. पत्र भाजीच्या गाडीवाल्याकडे देते, तो वर रस्त्यावर पेटीत टाकतो.

आम्ही ठीक आहोत. ठकी अडीच वर्षांची झाली. तुमचे जावई बरे आहेत, नदीवर असतात, पाहुण्यांच्या बोटी चालवतात.

उत्तर फक्त बोल्टचं द्या.

तुमची मुलगी
(काकू, "लाडकी" वगैरे पदरचं घालू नका.)


१० ऑक्टोबर

बाबा,

काकूंचं पत्र मिळालं. दोन पानं आहेत. एक पूर्ण पान काकूंच्या गुडघ्यांचं, अर्धं गल्लीचं, पाव जावई दिसत कसे नाहीत याचं, आणि कोपऱ्यात तुमचं एक वाक्य. "दोन आटे, एका वेळी एकच बोल्ट. फट शाबूत आहे ना विचार."

चार वर्षांनी मुलीशी बोलायला तोंड उघडलंत ते बोल्टाबद्दल. बरं, मीच तसं मागितलं होतं. पण कशी आहेस एवढं विचारलं असतं तर काही रंधा बोथट झाला नसता.

फट आहे की. फटीला काय होणार.

बोल्टाचा प्रयत्न केला. कॅम्पवर मोठा पाना नाही. स्वयंपाक्याने गॅसच्या टाकीचा दिला, तो त्या बोल्टापुढे चमच्यासारखा दिसत होता. तुमच्या जावयाचा नदीवरचा पट्टा आणि दोर इथेच पडलाय, तो कमरेला बांधून खालच्या टेकूपर्यंत उतरले. ठकीला वर जिन्याच्या खांबाला ओढणीने बांधून ठेवलं होतं. ती वरून विचारत होती, "आई, मासा दिसला?" खाली बघितलं ते एकदाच, मग डोळे टेकूवरच ठेवले. लहानपणी तुमच्या मागे कशी माकडासारखी फिरायचे कोण जाणे. बोल्ट हलला नाही. झाडाने नटाच्या कडेवर साल चढवलीय, ओठ मिटावा तसा.

परत वर आले तर पाच नंबरच्या बाई गॅलरीत उभ्या. कौतुकाने म्हणाल्या, "वा! तुम्ही रोज हे करता? किती लकी आहात, एवढ्या सुंदर जागी राहता." माझे गुडघे सोलून रक्त आलं होतं. मी म्हटलं, हो ना. मग त्यांनी विचारलं की नदीचा आवाज रात्री जरा कमी होतो का, त्यांना झोप लागत नाही. मी म्हटलं, मॅनेजरला सांगून बघा. त्या खरंच गेल्या सांगायला. आणि बाबा, त्याने लिहून घेतलं!

असली ही माणसं. झाडावर झोपायला येतात आणि झाडावर खार का आहे म्हणून घाबरतात. तंबूवाले तर त्याहून शहाणे. घरून उशा आणतात, गाद्या आणतात, पंखा आणतात, आणि निसर्ग निसर्ग करत बसतात. काल एकाने तंबूच्या दोऱ्या त्रास देतात म्हणून सोडल्या आणि दुपारी तंबू नदीवरून उडत गेला. तो उभा राहून त्याचा व्हिडिओ काढत होता.

एक सांगायचं राहिलं. चार नंबरमध्ये मीच राहते, ठकीला घेऊन. दार लागत नाही म्हणून पाहुणे घेत नाहीत, तर मॅनेजर म्हणाला तू राहा, माझी खोली त्याने नव्या स्वयंपाक्याला दिली. तो उपकार केल्यासारखं म्हणाला, "फुकटात नदीचा देखावा!" ठकीचा पाय माझ्या पायाला बांधून झोपते.

काकू, हे वाचून डोळे पुसत बसू नका. पुढचं वाचा. पुढे काही नाहीच. संपलं.

मुलगी


१५ ऑक्टोबर

बाबा,

आज खरं लिहिते. काकू, आज खिडकी नक्की लावा. आणि हे बाहेर गेलं तर मी समजेन कोणाकडून गेलं.

फट नाही. मीच बुजवली.

तीन वर्षांपूर्वी. ठकी पोटात होती. पाहुण्यांनी तक्रार केली की फटीतून मुंग्या वर येतात, गार वारा येतो, कानातलं पडून नदीत गेलं. मॅनेजर म्हणाला ही भोकं बंद कर. मी सुताराची मुलगी ना! मला फार अक्कल. तुम्ही खिळ्याची भोकं बुजवायला लाकडाचा भुसा आणि सरस कालवायचात, तसा बादलीभर कालवला. आठही खोक्यांच्या फटी ठासून भरल्या. बोटांनी दाबून, पाण्याचा हात फिरवून, वरून छान दोर गुंडाळला. मॅनेजरने सगळ्यांना बोलावून दाखवलं, म्हणाला, बघा, हिच्या हातात कला आहे. मला इतकं बरं वाटलं. वाटलं तुम्ही बघायला हवं होतं.

तो सरस आता दगड झालाय. बाकी सात झाडं जाडजूड, काठापासून आत आहेत, त्यांना वारा लागत नाही. चार नंबरचं डुलतं. आता ते डुललं की अख्खं खोकं ओढतं. तो ठोका म्हणजे तेच आहे. हे मला उन्हाळ्यातच कळलं होतं. तरी मी तुम्हाला आटे विचारत बसले. कारण फट बुजवली म्हटलं की कोणी बुजवली ते सांगावं लागलं असतं, आणि तुम्ही तो एक दीर्घ श्वास सोडला असतात. तुम्ही ओरडत नाही, श्वास सोडता. तो मला इथपर्यंत ऐकू आला असता.

काल दुपारी वारा सुटला आणि खोडाशेजारची फळी उभी चिरली. ठकी त्याच फळीवर बसून चमच्यांना झोपवत होती. चिरेतून खालचं पाणी दिसायला लागलं. ती वाकून बघायला लागली आणि खुश होऊन म्हणाली, "आई, नदी घरात आली." मी तिला उचलली आणि जिना कसा उतरले ते मला माहीत नाही.

आणि दुसरं. तुमचे जावई नदीवर नाहीत. म्हणजे असतील कुठल्यातरी नदीवर, या नाही. फेब्रुवारीत धरणाजवळच्या मोठ्या कॅम्पवर पंधरा दिवसांचं काम आहे म्हणून गेले. पट्टा ठेवला, दोर ठेवला, बायको-पोर ठेवली, शिट्टी तेवढी नेली. तुम्ही लग्नाआधी त्याचे हात बघून म्हणाला होतात, याच्या हाताला एक घट्टा नाही, हा कशाला घट्ट धरणार. त्यावर मी चार वर्षं रागावले. आता बरोबर निघालं म्हणून खुश व्हा. तुमचं सगळं बरोबरच असतं. तरी बरोबर असणाऱ्या माणसाला चार वर्षांत एकदा बघायला यायला काय झालं होतं? बस वरच्या रस्त्यावर थांबते. तुमच्या दारापासून इथपर्यंत एक बस आहे, एक.

मॅनेजरला चिरलेली फळी दाखवली. तो चक्क घाबरला, दोन मिनिटं. मग म्हणाला, "दुसरी ठोकून टाक आणि वरून सतरंजी घाल. पंचवीसला पाहुणे आहेत तिथे."

एका ऑफिसचे चौदा लोक येणार आहेत. त्यांना नदीवरचंच खोकं हवंय, कारण ते जिथे जातात तिथे एक फोटो काढतात. सगळ्यांनी गॅलरीत हात धरून उभं राहायचं आणि एक दोन तीन म्हणत एकदम उडी मारायची. फोटोत सगळे हवेत दिसतात.

चौदा जणांची उडी, चार नंबरवर.

मी म्हटलं, मला जमणार नाही, खोकं बंद ठेवा. तो म्हणाला, "तुला काय जमतं आणि काय नाही ते मी ठरवतो. उगाच तिथे ठोकाठोकी करून बुकिंग घालवलंस तर पोरीला घेऊन वरच्या रस्त्यावर उभं राहायचं." आम्हाला तंबूत हलवलंय. म्हणजे आता पडलं तरी आम्ही पडणार नाही. छान झालं की नाही? पडू देत त्यांना. शिकलेले आहेत, पोहता येत असेल.

मुलगी


२० ऑक्टोबर

बाबा,

तुमच्या उत्तराची वाट बघितली नाही. तुमचं उत्तर येणार, त्यात काकूंच्या गुडघ्यांची हालहवाल असणार, तोवर पंचवीस तारीख उजाडली असती.

मॅनेजर तीन दिवस शहरात गेलाय. स्वयंपाक्याला सांगितलं, मी फळी बदलते, ठकीला बघ. तो म्हणाला, "ताई, मला नोकरी हवी आहे, मी काही बघितलं नाही." मी म्हटलं, तू पोरीला बघ, बाकी काही बघू नकोस. त्याने तिला पातेल्यात बसवून फिरवलं. बरा आहे, घाबरट आहे. इथे सगळेच घाबरट आहेत, मी धरून.

तुमची जुनी पटाशी माझ्याकडे आहे. घर सोडताना उचलून आणली होती. तुम्ही शोधत बसला असाल, बसा. दोर काढला. आत सरस खोडाला असा चिकटलाय की कुठे झाड संपतं आणि कुठे माझी कला सुरू होते ते कळत नव्हतं. एका बाजूला झाड फळीच्या अंगावर आलंय, फळीची धार त्याच्या सालीत रुतलीय. जखम ओली होती. तिच्यातून डिंक गळून वाळला होता. त्या झाडाला तीन वर्षं गळ्यात फास लावून उभं केलं होतं आणि त्याने एवढंच केलं, वाऱ्याच्या दुपारी चार ठोके दिले. मी असते तर कधीच फेकून दिलं असतं सगळं नदीत.

तीन दिवस लागले. भुसा-सरसाचे ढेकळ पडताना खाली पाण्यात आवाज यायचा, मग तंबूवाले वर बघायचे. एकाने विचारलं, "हे काही वर्कशॉप आहे का? आम्हाला करता येईल?" मी म्हटलं, नाही, हे आजारपण आहे.

फळ्यांच्या कडा कापल्या, चारी बाजूंनी. मग हात घालून बघितला. चार बोटं आरपार, सगळीकडे. नवी फळी बसवली. तुमची गरज लागली नाही. काकू, हे वाक्य दोनदा वाचा.

मुलगी


२३ ऑक्टोबर

बाबा,

ठोका थांबला नाही.

काल दुपारी वारा आला. मी मुद्दाम खोक्यात जाऊन उभी राहिले. खोड नदीकडे झुकलं, फळ्यांच्या जवळ जवळ गेलं, मला वाटलं थांबेल, आणि धाडकन आदळलं. आधी खोकं ओढत होतं, आता मोकळं येऊन मारतं. हे जास्त वाईट. मी जिन्यावर बसून रडले. तंबूवाल्या बाईने विचारलं, "काही मदत करू का?" आणि माझा फोटो काढला.

संध्याकाळी भाजीच्या गाडीवाल्याने हाक मारली. "तुझ्या नावाचं ओझं आलंय, बसने. हात मोडला माझा." गोणपाटात गुंडाळलेलं, सुतळीच्या तुमच्या गाठी. त्या गाठी कोणाच्या बापाला सुटत नाहीत, मला सुटल्या. आत तुमचा लांब दांड्याचा पाना. आणि लाकडाचा एक गुटका. बाकी काही नाही. चिठ्ठी नाही. म्हणजे काकूंनाही सांगितलं नाहीत. काकू, आता कळलं ना तुम्हाला? दोन दिवस जेवण जाणार नाही तुमचं.

गुटका कशाला, ते मला आधी समजलंच नाही. ठकीने त्याची बाहुली केली, पदर नेसवला. मग मी तो हातात घेतला आणि बाजूला माझी चार बोटं धरली. गुटका माझ्या चार बोटांपेक्षा रुंद. जवळजवळ सहा.

माझी बोटं, बाबा. मी माझ्या बोटांनी मोजलं.

तुमची बोटं कशी आहेत ते मी विसरले होते. ती जाड, टोकाला चपटी, अंगठ्याजवळचं नख काळं. तुम्ही चार बोटं म्हणायचात ते त्या बोटांचं माप होतं, आणि पंधरा वर्षांच्या पोरीने ते ऐकलं आणि आपल्या काडीसारख्या बोटांवर घेतलं. मी पत्रात कुठे लिहिलं होतं की मी स्वतः कापणार आहे? नव्हतं लिहिलं. उलट पडू देत म्हणून लिहिलं होतं. तरी तुम्ही गुटका कापून पाठवलात.

मॅनेजर आलाय. परवा ते चौदा येणार. उद्या पहाटे, तो उठायच्या आत, परत कापायला जाते. भीती वाटते. एवढंच.


२ नोव्हेंबर

बाबा,

पहाटे उजाडता उजाडता वर गेले. ठकीला स्वयंपाक्याकडे दिली. आधी पट्टा बांधून खाली उतरले, पटाशीने नटांवरची साल सोलली. तुमचा पाना नटावर बसला तेव्हा चावी कुलपात बसावी तसा बसला. दांड्याला लोंबकळले तेव्हा कुठे पहिला आटा सुटला, केवढ्याने किंचाळला, मला वाटलं सगळा कॅम्प उठेल. एका वेळी एकच बोल्ट, दोन आटे. चौथ्या बोल्टाला खोकं वरून हुश्श केल्यासारखं एक बोट खाली बसलं. मी खाली, खोकं माझ्या डोक्यावर. त्या क्षणी मी कोणाकोणाला शिव्या दिल्या ते लिहीत नाही, काकू वाचतायत. तुम्हीही होतात त्यात.

मग वर येऊन कापायला बसले. एक बाजू राहिली आणि जिन्यावर मॅनेजर.

"काय चाललंय हे?"

मी म्हटलं, "फट."

"तुला सांगितलं होतं ना मी? उद्या माणसं येणार आणि तू जमीन खणून ठेवलीस? आवर आणि निघ. आत्ता."

मी करवत थांबवली नाही. म्हटलं, "निघते. पण एवढी बाजू होऊ दे. नाहीतर अर्ध्या कापलेल्या फळीवर चौदा जण उड्या मारतील, आणि शेवटची करवत कोणाची ते विचारायला लोक तुमच्याकडेच येतील." तो तिथेच उभा राहिला. घड्याळ बघत होता. मी शेवटी गुटका घेतला आणि खोडाभोवती फिरवला. सगळीकडे गेला. कुठे अडला नाही. आणि मग उठून, सहज, दार लोटलं. लागलं. कडीसकट. मॅनेजरने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि उतरून गेला. आत्ता निघ म्हणाला होता, ते विसरला. चादरी कोण बदलणार होतं?

पंचवीसला चौदा जण आले. एकाच रंगाचे सदरे घालून, शाळेच्या सहलीसारखे, फक्त पोटं सुटलेली. त्यांचा साहेब शिट्टी वाजवत होता. शिट्टीवाल्यांवर माझा आधीच राग. दुपारी वारा सुटल्यावरच त्यांना फोटो काढायचा होता, केस उडतात म्हणे. मी ठकीला कडेवर घेऊन समोरच्या खडकावर उभी राहिले. पळून जाणार होते, गेले नाही. झाड डुलायला लागलं. ते हात धरून उभे राहिले. एक. मी ठकीचं तोंड माझ्या खांद्यात दाबलं. दोन. तीन.

ते खाली आले तेव्हा खोकं हललं, म्हणजे हलायलाच हवं तेवढं. खोड आपल्या जागी डुलत होतं, फळ्यांना न शिवता. ठोका नाही. त्यांना फोटो आवडला नाही म्हणून परत उडी मारली. मग आणखी एकदा, कारण एकाचे डोळे मिटले होते. सहा वेळा, बाबा. सहाही वेळा माझं काळीज त्यांच्याबरोबर वर गेलं आणि त्यांच्याआधी खाली आलं.

दुसऱ्या दिवशी जाताना त्यांनी पाहुण्यांच्या वहीत काय लिहिलं सांगू? "जागा सुंदर. पण खोलीत मुंग्या."

मॅनेजर ती वही घेऊन माझ्याकडे आला. "बघ. म्हणून सांगत होतो. बुजव परत ते."

मी म्हटलं, "बुजवते. फक्त आधी तपासणीच्या वहीत लिहिते." आणि त्याच्यासमोर, त्याच्याच पेनने लिहिलं, "चार नंबरची फट मॅनेजर साहेबांच्या सांगण्यावरून बुजवत आहे. बुजवली की खोकं पडायचा धोका आहे हे त्यांना सांगितलं आहे." खाली रेघ मारली आणि म्हटलं, इथे सही करा. माझं अक्षर बघून तो नेहमी हसतो, म्हणतो मुंग्या मेल्यासारखं आहे. या वेळी हसला नाही. दोनदा वाचलं. पेनाचं टोपण लावलं. म्हणाला, "राहू दे. मुंग्यांचं औषध मारू." आणि सोमवारी, मी पहिल्यांदाच बघितलं, खुर्चीवरून उठला आणि आठही खोक्यांखालून मान वर करून फिरला. काय बघायचं ते त्याला कळत नव्हतं. तरी फिरला.

बाकीच्या सात फटी आता मी मोकळ्या करतेय. एक झाली. हाताला फोड आलेत, त्यांचे घट्टे होतील.

नोकरी आहे, का ते मला कळलेलं नाही. चार नंबर पाहुण्यांचं झालं, दार लागतं ना आता. आम्ही तंबूतच आहोत. थंडी वाढतेय, ठकीला रात्री खोकला असतो. हे मागणं नाही, सांगणं आहे. खोली लिहून मागितली आहे, सहीसकट.

ठकी गुटक्याला "आबा" म्हणते. मी शिकवलेलं नाही. मी तिला एकदा सांगितलं की ही आबांची बोटं आहेत, तेवढंच. तो घेऊनच झोपते, धार लागते तरी.

पाना परत पाठवते, भाजीच्या गाडीवाल्याकडे, उरलेले बोल्ट झाले की. पटाशी पाठवत नाही. गुटका तर मुळीच पाठवणार नाही. हवा असेल तर स्वतः न्यायला या. बस वरच्या रस्त्यावर थांबते, तिथून खाली दोनशे दहा पायऱ्या आहेत. सगळ्या मी पाय आपटून बघितल्यात.

मुलगी